मिरचीचे माहेर

कोल्हापूरचा तांबडा रस्सा पहिल्या घोटासच डोळ्यांत पाणी आणतो. हा तिखटपणा आपल्या मातीतलाच, असे आपण अभिमानाने मानतो. परंतु मिरचीचे माहेर दूर अमेरिका खंडात, मेक्सिकोच्या बाजूस आहे. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला आला तो मिऱ्यांच्या ओढीने. त्याच्यामागून आलेल्या पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात मिरची आपल्या किनाऱ्यावर आणली. १२९० साली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, तेव्हा महाराष्ट्रात मिरची नव्हतीच! तिखटासाठी लोक मिरी, सुंठ, पिंपळी वापरीत. मिऱ्यांवरूनच या नव्या पाहुणीला ‘मिरची’ हे नाव मिळाले.

आज कांदा-लसूण मसाल्यावाचून कोल्हापूरकडील चूल पेटत नाही, असे म्हटले तरी चालेल. संकेश्वरी मिरची, कांदा, लसूण, सुके खोबरे, तीळ, धणे भाजून तो कुटतात. तिकडे हंगेरीत हीच मिरची ‘पाप्रिका’ या नावाने गुलाश नामक रश्श्याला लाली आणते. तिखट मात्र बेताचेच!

तोंड भाजले, तर पाण्याने भागत नाही. मिरचीतील दाहक द्रव्य पाण्यात विरघळत नाही. दही खावे. नाहीतर शेजारच्या वाटीतील पांढरा रस्सा घ्यावा. नारळाचे दूध आणि खसखस यांमुळे तो सौम्य लागतो. त्यात लाल तिखट घालीत नाहीत. तेथे जुनी मिरीच आपले काम करते.