यंत्राच्या हाती द्यावयाच्या साधनांचे वर्णन

मालवणात यजमान म्हणाला, "आज घरी मोरी केली आहे," तर पाहुणा मनातून सुखावतो. हेच वाक्य पुण्यात उच्चारले तर ऐकणाऱ्यास वाटावे, की घरात गवंडीकाम निघाले आहे. आमची मोरी हा मुशीच्या जातीचा मासा. शब्द एकच, परंतु माणूस समोरच्याचा चेहरा, गाव आणि वेळ पाहून अर्थ लावतो, म्हणून घोटाळा सहसा होत नाही. ज्यास चेहरा दिसत नाही व गावही ठाऊक नाही, अशा एका नव्या नोकरासाठी सूचना कशा लिहाव्या, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा नोकर म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेचा एजंट; विम्याचा नव्हे. तो प्रश्नास उत्तर देऊन थांबत नाही, तर कामासाठी बाहेरची साधने वापरतो. एक साधन हवामानाचा अंदाज आणते, दुसरे हिशेब करते, तिसरे संदेश धाडते. मात्र साधनाच्या पोटात काय यंत्रणा आहे, हे त्यास सहसा दिसत नाही. त्याच्यापुढे येते ते साधनाचे नाव, चार ओळींचे वर्णन आणि साधनास कोणती माहिती पुरवावयाची त्याची यादी. तेवढ्यावरून तो निवड करतो. प्रत्यक्ष काम दुसराच प्रोग्रॅम करून निकाल त्याच्या हाती देतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक ह्या कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नावाची जी खुली पद्धत प्रसिद्ध केली, तीतही साधनाची ओळख याच रीतीने करून देतात.

चतुर्थीस माझा एक जुना विद्यार्थी गावी आला होता. तो संगणकाच्या नोकरीत आहे व त्याच्या भावाची मच्छीमारीची होडी आहे. भावाने पहाटे "आज जाऊ का?" असे विचारावे आणि एजंटाने अंदाज पाहून सांगावे, अशी योजना त्याने घरापुरती केली होती. ओसरीवर बसून त्याने मला प्रयोग दाखविला. एजंट म्हणाला, "आकाश निरभ्र आहे, जाण्यास हरकत नाही." त्या वेळी समुद्राची गाज ओसरीपर्यंत ऐकू येत होती!

चूक शोधण्यास वेळ लागला नाही. एका साधनाचे वर्णन होते, 'हवामानाची माहिती देते'. दुसऱ्याचे, 'समुद्र व हवामानाची माहिती देते'. एजंटाने पहिले उचलले, आणि ते केवळ जमिनीवरील ऊनपाऊस सांगणारे होते. दूरच्या वादळाने उठलेल्या लाटा निरभ्र आकाशाखालीही किनाऱ्यास येऊन आदळतात, हे त्यास कोणी सांगितले होते?

मी लाल पेन्सिल घेतली. दुसरे वर्णन आम्ही असे केले: 'किनाऱ्यालगतच्या समुद्राचा पुढील तीन दिवसांचा अंदाज देते. होडी न्यावी की नाही, ह्या प्रश्नास हेच वापरावे. गावातील पावसासाठी वापरू नये. त्यास "हवामान" हे साधन आहे.' काय करते, केव्हा वापरावे आणि केव्हा वापरू नये, ही तिन्ही अंगे त्यात आली. तिसरे अंग लिहिण्याचा लोक कंटाळा करतात.

मग आकडे. हैदराबादची इन्कॉईस ही सरकारी संस्था समुद्रस्थितीचा अंदाज प्रसिद्ध करते. असल्या अंदाजात लाटेची जी उंची देतात, ती सर्वांत मोठ्या लाटेची नसते; सर्वांत उंच अशा एकतृतीयांश लाटांची ती सरासरी असते. आकडा २ मीटर असला तरी एखादी लाट ४ मीटरच्या आसपास येऊ शकते. वर्णनात हे नसेल तर एजंट खुशाल सांगेल, की २ मीटरहून उंच लाट येणार नाही. वेळेचेही तसेच. जागतिक प्रमाणवेळेतील मध्यरात्र म्हणजे आपली पहाटेची साडेपाच, आणि तेवढ्यात होडी किती दूर गेलेली असते! पुरवावयाच्या माहितीतही अक्षांश आधी की रेखांश, हे स्पष्ट हवे. मालवण सुमारे १६ अंश उत्तर व ७३ अंश पूर्व येथे आहे. आकडे उलट पडले तर नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्राचा अंदाज हाती येतो.

एका ओळीखाली मी दोनदा रेघ ओढली. 'उत्तर रिकामे आल्यास माहिती मिळाली नाही असे समजावे. समुद्र शांत आहे असे समजू नये.' शाळेच्या गुणपत्रकात गैरहजर आणि शून्य ह्यांत आम्ही आयुष्यभर भेद करीत आलो, तोच हा.

सर्व होड्यांस संदेश धाडणारे साधनही त्याने केले होते. धाडलेला संदेश परत घेता येत नाही, म्हणून 'आधी मालकाची संमती घ्यावी' असे तेथे लिहिले. अर्थात अशा जागी शब्दांवर विसंबू नये. प्रोग्रॅममध्येही अडसर असावा. पुढे उत्साहाच्या भरात गृहस्थाने दीड पानाचे वर्णन लिहून आणले, ते मी छाटले. दर खेपेस एजंटास सर्व साधनांची वर्णने वाचावी लागतात; पाल्हाळात महत्त्वाची ओळ बुडते.

शेवटी भावास वाचावयास दिले. त्याने शांतपणे वाचले व विचारले, "मास्तरांनू, वारो खंयसून येता, ता खंय लिवलाहा?" आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. वाऱ्याची दिशा म्हणजे तो जिकडून येतो ती, आणि प्रवाहाची दिशा म्हणजे तो जिकडे जातो ती. दोन्ही आकडे अंशांतच येतात. ती ओळ त्याच रात्री घातली.