अंड्यांतील पिलाचीं हाडें व प्रतिपिंडांची परीक्षा

खुडूक कोंबडीखालीं ठेवलेल्या अंड्यांपैकीं कांहीं एकविसाव्या दिवशींहि फुटत नाहींत, हें कोंबड्या पाळणाऱ्या शेतकऱ्यांस ठाऊकच आहे. ऊब व ओलावा कमीजास्त झाल्यानें बरींच अंडीं बिघडतात. परंतु क्वचित् दोष गर्भाच्या घडणींतच असतो. १९६४ सालीं वर्णिलेलें 'टाल्पिड-३' नांवाचें व्यंग या प्रकारचें होय. टाल्पा हें जमीन उकरणाऱ्या, चिचुंद्रीसारख्या एका प्राण्याचें लॅटिन नांव. त्याच्या फावड्यासारख्या पंजावरून हें नांव पडलें. अशा गर्भाचे पाय व पंख आंखूड आणि रुंद असतात. पायास चार बोटें हवींत तेथें सात-आठ, कधीं त्याहूनहि अधिक फुटतात. आणि त्यांतील पहिलें कोणतें व शेवटचें कोणतें हें ओळखतां येत नाहीं. असें पिलूं अंड्यांतच मरतें.

नर व मादी मात्र निकोप दिसतात. दोघांच्याहि बीजांत दोष लपलेला असेल, तरच सरासरीनें चारांतील एक गर्भ सदोष होतो. आणि जगलेल्या भावंडांपैकीं तीनांतील दोन तो दोष पुढें वाहून नेतात.

एडिंबरोजवळील रॉस्लिन संस्थेंतील (डॉली मेंढी १९९६ सालीं जेथें जन्मली तीच ही संस्था) व इतर ठिकाणच्या संशोधकांनीं २००६ सालीं हें सदोष जनुक शोधून काढलें. परंतु त्यापासून होणारें प्रथिन पेशींत राहतें कोठें व करतें काय, हें जनुकावरून कळत नाहीं. त्यासाठीं प्रतिपिंडें लागतात.

बुळकांडीवर पूर्वीं टोंचण्यांत येत असलेला रक्तरस वाचकांस ऐकून माहीत असेल. त्यांतील गुण प्रतिपिंडांचाच. सशास एखादें परकें प्रथिन टोंचलें म्हणजे त्याच्या रक्तांत नेमक्या त्याच प्रथिनास चिकटणारीं प्रतिपिंडें तयार होतात. तीं गर्भाच्या पातळ कापावर सोडावयाचीं; नंतर सशाच्या प्रतिपिंडास धरणारें, शेळीपासून काढलेलें व चमकत्या रंगानें युक्त असें दुसरें प्रतिपिंड सोडावयाचें. सूक्ष्मदर्शकाखालीं जेथें चमक, तेथें तें प्रथिन.

श्वासनलिकेंतील पेशींवर धूळ झाडणारे सूक्ष्म केस असतात. त्यांस पक्ष्माभिका म्हणतात. हाड ज्यापासून बनतें त्या कोंवळ्या कूर्चेच्या पेशींवरहि असा एकेकच, न हालणारा केस असतो. शेजारच्या पेशींचे निरोप त्यावर घेतले जातात. टाल्पिड-३ प्रथिन या केसाच्या बुडाशीं असतें, आणि सदोष गर्भांत हे केसच उगवत नाहींत, असें २००९ सालीं प्रसिद्ध झालें. निरोप न पोंचल्यास बोटें कमी व्हावींत, अशीच कोणाचीहि अपेक्षा होईल. मग अधिक कां होतात? कारण, बोटांच्या वाढीस आवर घालणारें एक प्रथिनहि या केसाच्या साहाय्यानेंच तयार होतें. केस गेला कीं निरोप गेला आणि लगामहि गेला.

या परीक्षेंत फसगत होण्याचा संभव मोठा आहे. प्रतिपिंड भलत्याच प्रथिनास चिकटलें तरी चमक सारखीच दिसते. माणसाच्या प्रथिनावर तयार केलेलें प्रतिपिंड कोंबडीच्या प्रथिनास धरीलच, असा नेम नाहीं. कूर्चेभोंवतालच्या दाट द्रव्यामुळें प्रतिपिंड आंत शिरत नाहीं, आणि हाड मऊ करण्यास वापरलेल्या अम्लानें प्रथिनहि बिघडूं शकतें. म्हणजे चमक नाहीं म्हणून प्रथिन नाहीं, असेंहि म्हणतां येत नाहीं. यास्तव एक काप पहिल्या प्रतिपिंडावांचून तपासतात. त्याहून पक्की कसोटी म्हणजे तें प्रथिन मुळींच नसलेला गर्भ: त्यांतहि चमक दिसली, तर तें प्रतिपिंड टाकून द्यावें. ही कसोटी न लावतां काढलेल्या चित्रांवर, तीं कितीहि सुंदर असोत, आमचा भरंवसा नाहीं.

याच जनुकांतील दोषामुळें मनुष्यांच्या मुलांत जूबेर नांवाचा मेंदूचा विकार होतो, हें २०१५ सालीं निश्चित झालें.

शेतकऱ्याच्या घरीं ही परीक्षा होणें नाहीं. तरी न फुटलेलीं अंडीं फोडून पाहावींत. एकाच नरमादीच्या अंड्यांत वारंवार बोटांचें व्यंग आढळल्यास ती जोडी मोडावी, आणि त्यांचीं धडधाकट दिसणारीं पिलेंहि पैदाशीस ठेवूं नयेत.