काळ्या मातीवरचे मजले

एखादे शहर दुरून पाहिले म्हणजे तेथे कोणाची चलती होती हे चटकन ध्यानात येते. आभाळात सर्वांत उंच डोके कोणाचे, एवढेच पाहायचे. जुनी अमरावती किंवा जुने अकोले डोळ्यांपुढे आणले तर उंच वस्तू बोटांवर मोजता येतील: देवळांचे कळस, मशिदींचे मिनार, किल्ल्याचे बुरूज, गावाच्या वेशी. बाकी सारी वस्ती धाब्याच्या सपाट छपरांची, एकमजली, फार तर दुमजली. आता त्याच शहरांत सात-सात, दहा-दहा मजल्यांच्या सदनिका उभ्या राहात आहेत आणि कळस शोधायला मान वळवावी लागते. या बदलाला कोणी प्रगती म्हणतात, कोणी विद्रूपता म्हणतात. आम्हांला दोन्ही शब्द घाईचे वाटतात. वऱ्हाडातील उंच इमारतीचा विचार वर पाहून करण्यापूर्वी खाली पाहून केला पाहिजे, आणि ते फारसे कोणी करीत नाही, म्हणून हा विषय आम्ही येथे घेतला आहे.

अमरावतीपुरते बोलायचे तर या शहराची पहिली मोठी उंची म्हणजे परकोट. पेंढाऱ्यांच्या धाडींपासून श्रीमंत व्यापारी पेठ वाचावी म्हणून निजामाच्या राजवटीत १८०७ साली हा कोट बांधण्यास घेतला गेला. सुमारे सव्वादोन मैलांचा घेर, वीस ते सव्वीस फूट उंची, मोठे दरवाजे आणि लहान खिडक्या. अंबा गेट, नागपुरी गेट, खोलापुरी गेट ही नावे आजही रिक्षावाल्याच्या तोंडी आहेत. खुनारी खिडकीचे नाव तर १८१८ च्या एका भीषण दंगलीची आठवण म्हणून राहिले आहे, असे सांगतात. अकोल्यास मोर्णेच्या काठी असदगड आहे. त्याचे नाव औरंगजेबाचा वजीर असदखान याच्यावरून पडले. या दोन्ही बांधकामांची उंची भीतीपोटी होती. वर चढून शत्रू पाहायचा, एवढाच तिचा हेतू.

नंतरची उंची पैशाची. मुंबईहून निघालेला आगगाडीचा रस्ता १८६७ साली वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोहोचला आणि कापसाच्या बाजारपेठांतून जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने निघू लागले. त्यांच्याबरोबर विटांच्या चिमण्या आल्या. चिमणी उंच का बांधतात? धूर वर नेऊन सोडणे हा तिचा निम्माच उपयोग. बॉयलरच्या भट्टीत तापलेली हवा हलकी होऊन नळकांड्यातून वर चढते, तिच्या ओढीने खालून ताजी हवा भट्टीत शिरते. नळकांडे जितके उंच तितकी ओढ जोराची. म्हणजे या उंचीला हिशेब होता. शोभेसाठी एक वीटही जास्त लावलेली नसे, आणि मौज अशी की आज पडक्या कारखान्याच्या आवारात एकटी उरलेली चिमणी आम्हांला कित्येक नव्या इमारतींपेक्षा देखणी वाटते.

परंतु या सर्व काळात लोक राहात होते ते जमिनीलगतच. त्याचे कारण गरिबी एवढेच नव्हे. आपल्या जुन्या गावरचनेत दोन शब्द आहेत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पांढरीची माती चुनखडीची, राखट, त्यामानाने न फुगणारी. तिच्यावर घर धरते आणि तिच्याच मातीच्या भिंतीही उठतात. काळीत कापूस पेरायचा, घर बांधायचे नाही, हे कुणब्याला कोणी शिकवावे लागत नसे. शहरे वाढू लागली तशी पांढरी अपुरी पडली. शेते अकृषक झाली, त्यांवर दगडी खुणा रोवून ले-आउट पडले, आणि पिढ्यान्पिढ्या जेथे नांगर फिरला तेथे प्लॉट विकले गेले. वऱ्हाडी शहरांच्या इतिहासातील हा सर्वांत मोठा बदल आम्ही मानतो. मजले वाढले ही त्याच्या नंतरची गोष्ट.

काळी माती करते तरी काय? तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या चिकणद्रव्याचे प्रमाण मोठे असते. त्याचे कण पातळ पापुद्र्यांचे बनलेले असतात आणि पापुद्र्यांच्या मधे पाणी शिरले की ते एकमेकांपासून दूर सरतात. म्हणून आषाढात ही जमीन फुगते आणि वैशाखात आकसते, इतकी की शेतातल्या भेगेत हात कोपरापर्यंत जावा. ही हालचाल साधारण दहा-बारा फूट खोलीपर्यंत जाणवते. तिच्यावर तीन फुटांचा पाया घालून बंगली बांधली तर दरवर्षी बंगली थोडी वर उचलली जाते, थोडी खाली बसते, आणि सगळीकडून सारखी नव्हे. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. गवंडी गिलावा करून ती बुजवतो, पुढल्या उन्हाळ्यात ती पुन्हा डोळा उघडते.

यात एक गोष्ट सामान्य समजुतीच्या उलट आहे. फुगणारी माती हलक्या घराला अधिक छळते, जड इमारतीला कमी. बैठ्या घराचे ओझे मातीच्या रेट्यापुढे टिकत नाही. अनेक मजल्यांच्या इमारतीचे वजन तो रेटा दाबून धरते. शिवाय उंच इमारतीसाठी खोल जावेच लागते, आणि खोल गेले की हालचालीचा थर मागे पडतो. मुरूम किंवा काळा खडक लागला तर प्रश्न मिटला. अमरावतीच्या पूर्वेस, पोहऱ्याच्या डोंगराकडे, खडक पुष्कळदा हाताशी असतो. पूर्णेच्या गाळाच्या पट्ट्यात मात्र तो शेकडो फूट खाली गेलेला आहे, तेथे खडकाची वाट पाहून चालत नाही. अशा जमिनीसाठी रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने एक सोपी युक्ती रूढ केली. जमिनीत गिरमिटाने भोक पाडायचे, तळाशी ते पोकळ घंटेसारखे रुंद करायचे, आणि सळया ठेवून काँक्रीट ओतायचे. तळाचा हा फुगवटा दांड्याच्या अडीचपट रुंद असतो. वरची माती कितीही फुगली तरी खुंट्यासारखा खाली रुतलेला हा पाया उपटला जात नाही. घर या खुंट्यांवरील तुळयांवर उभे राहाते आणि तुळईखाली मातीला फुगायला थोडी पोकळी ठेवलेली असते. खर्च फार नाही. पण तो जमिनीखाली जातो, गिऱ्हाइकाला दिसत नाही, त्यामुळे दिसणाऱ्या फरशीवर पैसा लावण्याचा मोह ठेकेदाराला होतो.

ही अडचण आपल्याच वाट्याची आहे असे मात्र नाही. लंडन शहर निळसर चिकणमातीच्या जाड थरावर वसलेले आहे. १९७६ च्या कोरड्या उन्हाळ्यात ती माती आकसली आणि इंग्लंडातील हजारो घरांना तडे गेले. ज्या लंडनची उंच इमारतींविषयीची सावधगिरी प्रसिद्ध आहे, त्याच्या कथेतून आपण थोडे घ्यावे. सेंट पॉलच्या देवळाचा ३६५ फुटी घुमट १७१० च्या सुमारास पुरा झाला आणि पुढे अडीचशे वर्षे शहरात त्याच्याहून उंच इमारत झाली नाही. १८९४ च्या कायद्याने भिंतींची उंची ८० फुटांवर रोखली. आगीची धास्ती हे त्याचे एक मोठे कारण. १९३३ साली एका टेलिफोनच्या कचेरीने नदीकडून दिसणारा घुमट झाकला, तेव्हा लोक खवळले, आणि १९३८ पासून घुमट कोठकोठून दिसला पाहिजे याची नियमावली नगरपालिकेने पाळली. २०१२ साली पुऱ्या झालेल्या शार्ड या ३१० मीटरच्या मनोऱ्याच्या शहरातसुद्धा ती दृष्टिरेषा अजून जपली जाते. अमरावतीस अंबादेवीचा कळस कोठून दिसावा, किंवा अकोल्यास राजराजेश्वराचा, असा प्रश्न आपल्याकडे नकाशा मंजूर करताना विचारला गेल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

उंच बांधता येऊ लागले ते केव्हा, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. भिंतींवर भार घेणाऱ्या घराला मर्यादा असते. शिकागोत १८९१ साली सोळा मजल्यांची मोनॅडनॉक इमारत अशीच विटांच्या भिंतींवर उभारली, तर तळाशी भिंत सहा फूट जाड करावी लागली. तळमजल्याची जागा भिंतच खाऊन टाकते, भाडे कोणाचे घेणार? त्याआधीच, १८८५ साली, त्याच शहरात विल्यम जेनी याने लोखंडी सांगाड्यावर दहा मजले चढवून दाखवले होते. सांगाडा भार घेतो, भिंत केवळ पडद्याचे काम करते. आपल्याकडे तेच काम सळया आणि काँक्रीटचे खांब करतात. दुसरी गरज पाळण्याची, म्हणजे लिफ्टची. दोर तुटला तरी पाळणा अडकून राहावा अशी योजना एलायशा ओटिस याने १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात, स्वतः पाळण्यात उभे राहून आणि दोर तोडायला लावून, दाखवली. तोवर वरचा मजला स्वस्त असे. त्यानंतर तो महाग झाला.

आता पाण्याकडे वळू. वऱ्हाडात ही गोष्ट पायापेक्षाही नाजूक आहे, आणि ती दोन प्रकारांनी.

पहिला प्रकार खाऱ्या पाण्याचा. पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथे बोअरचे पाणी तोंडात घालवत नाही, आणि नेमके तेच बांधकामाला सर्वांत सहज मिळते. सिमेंटच्या अल्कधर्मी गुणामुळे आतील सळईवर एक पातळ संरक्षक थर बसतो आणि सळई गंजत नाही. पाण्यातील क्लोराइड हा थर फोडतात. गंजलेले लोखंड मूळ लोखंडाहून दुप्पट-तिप्पट जागा घेते आणि आतून काँक्रीट फोडून बाहेर येते. सळया असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून अधिक क्लोराइड असू नये, असे भारतीय मानक सांगते. ज्या इमारतीचे खांब खाऱ्या पाण्यात कालवले, तिचा रंग पहिली दहा वर्षे उत्तम दिसतो. मग स्लॅबच्या खालचे पोपडे पडू लागतात. अशी इमारत बैठी असली तर एक घर बिघडते, दहा मजल्यांची असली तर चाळीस बिऱ्हाडे. पडझडीला उंचीचीच गरज असते असेही नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमरावतीच्या प्रभात चौकात एक जीर्ण इमारत कोसळून पाच माणसे दगावली, ती काही गगनचुंबी नव्हती.

दुसरा प्रकार पिण्याच्या पाण्याचा. अमरावतीस ते ऊर्ध्व वर्धा धरणातून येते, अकोल्यास महानच्या काटेपूर्णा धरणातून. पाणी दहा मीटर चढवायचे तर दर चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब लागतो. आपल्या नळांना पहिल्या मजल्यापर्यंत चढण्याचा दम कित्येकदा नसतो. म्हणून आधी जमिनीतल्या टाक्यात भरा, मग पंपाने गच्चीवर चढवा. हिशेब करून पाहा. दहा मजले, मजल्यावर चार घरे, घरात पाच माणसे, म्हणजे दोनशे जण. माणशी १३५ लिटर हे शहरी माप धरले तर रोजचे २७,००० लिटर. नळ चार दिवसांआड येत असेल तर साठा १,३५,००० लिटरचा हवा, म्हणजे १३५ टन पाणी. एवढे टाके किती इमारतींखाली आहे? नसेल तर टँकर, आणि वीज गेली की टाके भरलेले असूनही दहाव्या मजल्यावर घागर कोरडी. एप्रिल-मेमध्ये अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा गच्चीखालच्या मजल्यावर या सर्वांची गाठ एकदम पडते. धाब्याच्या घरात जाड मातीच्या छपराखाली म्हातारी माणसे दुपार काढीत. सहा इंची स्लॅबखाली ती काढता येत नाही.

आगीविषयी लांबण लावीत नाही. राष्ट्रीय इमारत संहिता १५ मीटर व त्यावरील इमारतीला उंच इमारत समजते आणि २४ मीटरच्या वर गेल्यास आश्रयाची मोकळी जागा ठेवायला सांगते. ही जागा पुढे कोठीघर होते, हे सर्वांना ठाऊक आहे. लंडनमध्ये ग्रेनफेल मनोऱ्याला २०१७ साली आग लागली, तेव्हा बाहेरून शोभेसाठी आणि ऊब राखण्यासाठी लावलेल्या आवरणातून ती वर धावली आणि ७२ माणसे गेली. इमारत चोवीस मजल्यांची होती आणि जिना एकच होता.

तेव्हा उंच बांधू नये काय? आमचे उत्तर तसे नाही. शेते वाचवायची असतील तर थोडे वर चढणे भाग आहे. कापसाची उत्तम काळी प्लॉटांखाली घालवून आडवे पसरत जाणे हाही नासच आहे. चार-पाच मजले, खोल पाया, गोडे पाणी, पुरेसे टाके आणि दोन जिने, इतके या शहरांना झेपते असे आम्हांस वाटते. त्यावर जायचे त्याने जावे, पण मातीची तपासणी करून. सदनिका घेणाऱ्याने फरशीचा रंग पाहण्याआधी मातीच्या परीक्षणाचा कागद मागावा, पाया किती फूट नेला आणि काँक्रीट कोणत्या पाण्यात कालवले ते विचारावे, टाके किती लिटरचे आहे ते मोजून घ्यावे, आणि शहराच्या अग्निशामक दलाची शिडी कितव्या मजल्यापर्यंत पोहोचते हे त्या दलाच्या कचेरीत जाऊन विचारावे. हे प्रश्न विचारल्यावर विक्रेता कोणत्या प्रश्नाला थांबतो, तेही पाहून ठेवावे.