ना लहान, ना मोठा

'डॉक्टर, याला एखादं टॉनिक द्या. नीट जेवत नाही, धड बोलत नाही, काही विचारलं की अंगावर येतो.' चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन आलेल्या पालकांची ही नेहमीची तक्रार. वजन, उंची, रक्तक्षय, जंत हे सारे मी तपासतोच. बहुतेक वेळा त्यात काही निघत नाही. मग टॉनिकऐवजी मी एक पुस्तक सुचवतो, तेही आईवडिलांना!

मिलिंद बोकील यांची 'शाळा' ही कादंबरी 2004 साली प्रसिद्ध झाली. काळ आहे 1975 सालच्या आणीबाणीचा. नववीतल्या मुकुंद जोशीचे मन वर्गातल्या शिरोडकरवर बसते. मित्रांत तो मोठ्या माणसाच्या ऐटीत वावरतो, घरी मात्र तो शाळकरी पोरच असतो. शेवटी शिरोडकर गाव सोडून जाते आणि हा दहावीत जातो. बघणाऱ्याला वाटेल, यात घडले काय? त्या मुलाचे मात्र सारे जग बदललेले असते.

हे नुसते कादंबरीतले नाही, त्याला शरीरशास्त्राचा आधार आहे. वयात येण्याची सुरुवात मुलींत साधारण 8 ते 13 व मुलांत 9 ते 14 या वर्षांत होते. मेंदूतला भावना उचंबळून आणणारा भाग लवकर जागा होतो. सारासार विचार करणारा, कपाळामागचा भाग मात्र पंचविशीपर्यंत पक्व होत राहतो. बैल जोरात धावू लागलेले असतात, कासरा अजून हातात पुरता आलेला नसतो. याच वयात रात्री झोपही उशिरा लागू लागते. तिची गरज मात्र 8 ते 10 तासांची असते. त्यामुळे सकाळी लोळणारा मुलगा आळशीच असतो असे नाही.

त्यात आपण भर घालतो. सकाळी म्हणतो, 'घोडा झालास, एवढं कळत नाही?' संध्याकाळी म्हणतो, 'मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालू नकोस.' त्याने नेमके कोण व्हायचे?

मुकुंदला एक नरूमामा आहे. त्याच्याशी तो मोकळेपणाने बोलू शकतो. माझ्या मते असा मामा हेच खरे टॉनिक. मामा, आत्या, शिक्षक, कोणीही चालेल. फक्त त्याने मुलाचे ऐकताना हसू नये आणि ऐकलेले चारचौघांत सांगू नये. पालकहो, पाहुण्यांसमोर मुलाची थट्टा करू नका, मारू नका, त्याची वही चोरून वाचू नका.

मात्र सगळेच 'वयाचे आहे' म्हणून सोडून देऊ नका. दोन आठवड्यांहून अधिक उदासी, शाळा टाळणे, मित्र तोडणे, व्यसन, हातावर ब्लेडच्या खुणा किंवा मरणाची भाषा दिसली तर लगेच डॉक्टर गाठा. अशी गोष्ट कोणीही गुपित म्हणून पोटात ठेवू नये. सरकारच्या 'टेली मानस' सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

आज रात्री जेवताना मार्कांचा विषय काढू नका. त्याच्या मित्रांची नावे विचारा आणि तो सांगेल ते शेवटपर्यंत ऐका.