अत्तर जपायचं, पण कसं?

आमच्या काचीगुड्याच्या घरी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या हाताला अत्तर लावायचं काम आईचं. मोगऱ्याचं अत्तर, पत्थरगट्टीहून आणलेलं. कुपी कायम कपाटात, लुगड्यांच्या घड्यांमागे. आई गेल्यावर उरलेली अर्धी कुपी मी तिची आठवण म्हणून दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये मांडली, नेमकी पश्चिमेच्या खिडकीसमोर. दोन उन्हाळ्यांनंतर बूच काढलं, तर मोगरा कुठेच नव्हता. उरला होता नुसता तेलकट, आंबूस वास. चूक सर्वस्वी माझीच.

सुगंधाचे शत्रू तीन: ऊन, उष्णता आणि हवा. उन्हातल्या अतिनील किरणांनी सुगंधी द्रव्यांचे रेणू तुटतात, उष्णतेने ही मोडतोड वेगाने होते आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे वास बदलतो. आपल्या हैदराबादेत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. गच्चीखालच्या खोलीत तर भिंतीही तापतात. त्यामुळे थंड प्रदेशात ड्रेसिंग टेबलावर टिकणारी बाटली इथे टिकेलच असं नाही.

सगळेच सुगंध सारख्या वेगाने बिघडत नाहीत. लिंबू-संत्र्याच्या जातीचे हलके वास आधी जातात. चंदन, ऊद, खस हे जड वास बराच काळ टिकतात. पारंपरिक अत्तर चंदनाच्या तेलात उतरवलेलं असतं, म्हणून ते दमदार. स्वस्त अत्तरात मात्र बहुतेकदा दुसरंच तेल असतं. परफ्यूममध्ये अल्कोहोल असतं. ते उडून जातं आणि पेटही घेतं. म्हणून बाटली देवघरातल्या समईपासून, गॅसपासून लांब ठेवावी. उन्हात उभ्या गाडीत तर कधीच सोडू नये.

फ्रान्समध्ये व्हर्सायला ऑस्मोथेक नावाचं सुगंधांचं संग्रहालय आहे. जुने परफ्यूम तिथे अंधारात, १२ अंश सेल्सियसला ठेवतात आणि हवा लागू नये म्हणून बाटलीत आर्गॉन वायू भरतात. आपल्याला एवढं करायला नको, पण तत्त्व तेच.

घरात आतल्या भिंतीचं, ऊन न लागणारं कपाट निवडा. त्यातही खालचा कप्पा बरा. बाटली तिच्या खोक्यातच, उभी ठेवा. बाथरूम टाळा. तिथे गिझरची वाफ आणि दमटपणा असतो. फ्रिज चालतो, पण दारातला कप्पा नको. दर उघडझापीला तिथलं तापमान बदलतं. अत्तर अर्ध्यावर आलं की लहान, कोरड्या काचेच्या कुपीत काढा, म्हणजे आत हवा कमी राहते. स्प्रेची बाटली मात्र उघडू नका. अत्तर बोटाने न घेता काचेच्या काडीने घ्या आणि बूच लगेच घट्ट लावा. करीमनगरच्या चांदीच्या तारकामाच्या अत्तरदाण्या देखण्या असतात, पण त्या पाहुण्यांपुढे फिरवण्यासाठी. साठवण काचेतच हवी.

रंग गडद झाला म्हणजे अत्तर बिघडलंच असं नाही. व्हॅनिला असलेले परफ्यूम काळपट होतातच. कागदाच्या पट्टीवर थेंब घेऊन वास पाहा. आंबट किंवा खवट वाटला तर अंगाला लावू नका. ऑक्सिजनने बिघडलेल्या सुगंधी तेलांनी त्वचेला खाज सुटू शकते, पुरळ येऊ शकतं.

हे सगळं कळल्यावर आईचं आणखी एक शहाणपण लक्षात आलं. ती अत्तर साठवत नसे, वापरत असे. प्रत्येक सणाला, प्रत्येक पाहुणीला. त्यामुळे कुपी बिघडायच्या आधीच रिकामी व्हायची आणि नवी यायची. मी मात्र तिची आठवण म्हणून कुपी जपायला गेले आणि त्या नादात तो वासच गमावला.

तोळ्याऐवजी ३ मिलीची कुपी घेतली तर ती लवकर संपते. या संक्रांतीला मी तशीच आणली आहे, मोगऱ्याचीच. आईची रिकामी कुपी आता पुन्हा लुगड्यांच्या घड्यांत गेली आहे. हळदीकुंकवाला याल तेव्हा हात पुढे करा. थेंबभर अत्तर नक्की मिळेल.