रविवारचा वार

माझे आजोबा पुण्यात वार लावून जेवत शिकले. सोमवारी सदाशिव पेठ, मंगळवारी नारायण, बुधवारी शनिवार पेठेतलं एक घर. घरं सात, जेवणारा एक. पॅरिसच्या जिम हेन्स यांनी हे गणित उलटं मांडलं: घर एक, वार एक, जेवणारे दर रविवारी नवे. आणि ते चाळीसेक वर्षं चालवलं.

हेन्स जन्माने अमेरिकन, 1933चे, लुइझियानातले. माणसं जमवायची खोड जुनीच. 1959मध्ये एडिंबरोत पुस्तकांचं दुकान, 1963मध्ये तिथल्याच ट्रॅव्हर्स थिएटरच्या उभारणीत हात, 1967मध्ये लंडनला आर्ट्स लॅब. मग पॅरिस आणि विद्यापीठातली नोकरी. सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्यांच्याकडे उतरलेली एक नर्तिका मैत्रीण उतराई म्हणून त्यांच्या मित्रांसाठी रांधू लागली. रविवारची जेवणं सुरू झाली ती अशी. योजनाबिजना काही नव्हती.

घर म्हणजे चौदाव्या विभागातला शिल्पकाराचा जुना स्टुडिओ. आधी फोन करायचा, पुढच्या काळात ई-मेल. ओळखपाळख लागत नसे. यादीत नाव गेलं की तुम्ही पाहुणे. एरवी पन्नास-साठ माणसं, हवा चांगली असली की अंगण धरून दुप्पट. रांधायला दर आठवड्याला वेगळा मित्र किंवा मैत्रीण. मग यजमान काय करत? ते उंच स्टुलावर बसत. पाहुण्यांची नावं, गावं, कामं आधीच पाठ केलेली. त्या भांडवलावर ते याला हाक मारून त्याच्या हवाली करत. माझ्या मते खरा स्वयंपाक तोच. पंगत नाहीच, बसायच्या जागाही ठरलेल्या नाहीत. ताट हातात, कोपरं सांभाळत उभं राहायचं आणि शेजारी येईल त्याच्याशी बोलायचं.

पैसे पाकिटातून. रक्कम सुचवलेली असे, पण रीत आपल्या आहेरासारखी.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी हीच युक्ती छापली. पूर्व युरोपच्या प्रवासासाठी काढलेल्या त्यांच्या पुस्तकांत किल्ले-चर्चऐवजी माणसं होती: भेटायला तयार असलेल्या स्थानिकांची नावं, पत्ते, आवडीनिवडी. सुरुवात पोलंडपासून. आज असं पुस्तक काढायला कुणी धजणार नाही.

नंतर अ‍ॅपं आली. 2014मध्ये पॅरिसमध्येच निघालेल्या व्हिझईटने 2017मध्ये ईटविथ विकत घेतलं आणि पुढे तेच नाव लावलं. परक्याच्या घरचं जेवण आता मेनू बघून, आगाऊ पैसे भरून मिळतं. सोय आहे, यजमानाला चार पैसेही सुटतात. माझी तक्रार नाही. पण मेनू बघून घर निवडणारा माणूस शेजारी कोण येईल याचाही अंदाज बांधूनच जातो.

6 जानेवारी 2021 रोजी हेन्स गेले, सत्त्याऐंशीव्या वर्षी. तोवर त्या घरात लाखाहून जास्त माणसं जेवून गेली असं सांगतात. तिथे जुळलेल्या ओळखींतून कुणाची लग्नंही झाली.

आजोबांना शेवटपर्यंत बुधवारच्या घरचं पाणीदार ताक आठवायचं, शुक्रवारची आमटी आठवायची. वाढणारी माणसं त्यांच्या बोलण्यात कधी आली नाहीत. खाली मान घालून जेवायचं, ताट घासून ठेवायचं आणि निघायचं, एवढंच.