नहुआत्ल भाषेंतील स्वागतवचनें व एका भाषणाचा अर्थ

इ. स. १५१९ च्या नोव्हेंबरच्या ८ व्या तारखेस स्पॅनिश सरदार एर्नान कोर्तेस मेक्सिकोंतील तेनोचतित्लान या राजधानींत पोहोंचला. तेथील अधिपति मोक्तेसुमा यानें सामोरें जाऊन त्याचें स्वागत केलें. त्या प्रसंगींच्या भाषणानें त्यानें आपलें राज्य पाहुण्याच्या स्वाधीन केलें, असा समज पुढें रूढ झाला. तो कितपत ग्राह्य आहे हें ठरविण्यापूर्वीं नहुआत्ल भाषेंतील अभिवादनाची रीत पाहणें अवश्य आहे.

या भाषेंत पाहुणा आला असतां त्याच्या श्रमांचा उल्लेख करीत. ‘ओतिक्मिहियोविल्ती’ म्हणजे ‘आपणांस फार कष्ट पडले’. ‘ओतिक्मोसियाविल्ती’ म्हणजे ‘आपण शिणलां’. पहिल्या पदाच्या मुळाशीं ‘इहियोत्ल’ म्हणजे श्वास हा शब्द आहे. दोहोंतील ‘मो’ हें आत्मवाचक सर्वनाम (पहिल्यांत त्याचा केवळ ‘म्’ उरतो) व ‘ल्ति’ हा प्रत्यय यांनीं क्रियेचा अर्थ पालटत नाहीं. आदर मात्र व्यक्त होतो. नामांस ‘त्सिन’ प्रत्यय लागून तेंच कार्य साधतें. होरासिओ कारोची यानें इ. स. १६४५ च्या आपल्या व्याकरणांत या आदरार्थी रूपांचें विवेचन केलें आहे.

उक्त भाषणाचा नहुआत्ल पाठ पाद्री बेर्नार्दिनो दे साआगुन याच्या १२ भागांच्या ग्रंथांतील शेवटच्या भागांत आहे. इ. स. १५७७ च्या सुमारास सिद्ध झालेली त्याची पोथी हल्लीं फ्लॉरेन्स येथें आहे. भाषणाचा आरंभ वरील श्रमवचनांनींच होतो. पुढें ‘आपलें आसन आम्हीं अल्पकाळ सांभाळिलें, आतां प्रासादांत विश्रांति घ्यावी’ अशा आशयाचें बोलणें येतें. पाहुण्यास उच्चासन देऊन यजमानानें स्वतःकडे न्यूनता घ्यावी, ही त्या दरबारी वाणीची रीतच होती.

कोर्तेसनें हें भाषण दोन मुखांतून ऐकिलें. मालिन्त्सिन नहुआत्लचें माया भाषेंत व हेरोनिमो दे आगिलार मायाचें स्पॅनिशमध्यें भाषांतर करी. पुढें ३० ऑक्टोबर १५२० च्या पत्रांत कोर्तेसनें तें आपल्या राजास शरणागति म्हणून कळविलें. परवानगीवांचून मोहीम चालविणाऱ्यास असा अर्थ सोयीचाच होता. साआगुनची पोथीही प्रसंगानंतर सुमारें ५८ वर्षांची. सबब तींतील शब्द मोक्तेसुमाचेच होत, असें म्हणतां येत नाहीं.

तात्पर्य, आमच्या मतें केवळ या भाषणाच्या आधारें राज्यदान सिद्ध होत नाहीं. जुन्या पत्रांत मायना निराळा व मजकूर निराळा, हें आमच्या वाचकांस सांगणें नलगे. ‘आज्ञाधारक सेवक’ अशी सही पाहून कोणी लेखकास चाकर ठरवीत नाहीं. तोच विवेक परभाषेच्या कागदांसही लावावा, इतकेंच आमचें म्हणणें आहे.